रीलचा कल्ला उचलून बघा: आकर्षणाचं संशोधन खरोखर काय सांगतं?

गेल्या महिन्यात डिचोलीच्या माझ्या भाच्यानं मला एक रील पाठवली. गाडीत बसलेला, गॉगल कपाळावर चढवलेला एक तरुण बोटं नाचवत सांगत होता: संवादाचा ९३ टक्के भाग शब्दांपलीकडचा असतो, म्हणून मुलीशी काय बोलता याला किंमत नाही; हातात गिटार ठेवा; आणि पहिल्या भेटीला पॅरासेलिंगला न्या, भीतीतून प्रेम जडतं. प्रत्येक वाक्याला शेपूट एकच, ‘सायन्सने प्रूव्ह केलंय.’ शेवटी कोर्सची फी. भाच्यानं खाली लिहिलं होतं, ‘मावशे, हें खरें?’

कॉलेजात मानसशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली, त्यामुळे घरातले असे प्रश्न माझ्याकडेच येतात. मी त्याला बाजाराची आठवण करून दिली. नुस्तेकान्न ‘ताजे, ताजे’ म्हणते म्हणून आपण बांगडे पिशवीत टाकत नाही. कल्ला उचलतो, आत लाल आहे का बघतो. संशोधनाचंही तसंच आहे. फक्त कल्ला कुठे असतो ते ठाऊक हवं.

‘आकर्षण’ म्हणजे नेमकं काय मोजतात?

पहिला घोटाळा शब्दातच आहे. आपण ‘आकर्षण’ म्हटलं की प्रेम, लग्न, निदान चोरटी नजर तरी डोळ्यांसमोर येते. सामाजिक मानसशास्त्रात, म्हणजे माणसं एकमेकांच्या सहवासात कशी वागतात याच्या अभ्यासात, या शब्दाचा अर्थ बराच साधा आहे: एका माणसाला दुसरं माणूस आवडणं. त्यात मैत्री येते, शेजार येतो, बसमधली ओळखही येते. आणि हे आवडणं मोजायचं तर काहीतरी आकडा लागतो. ‘ही व्यक्ती तुम्हाला १ ते ७ मध्ये किती आवडली?’ किंवा ‘नंतर फोन केला का?’

पर्जन्यमापकाचा विचार करा. साखळी शहरात किती इंच पाऊस पडला ते तो बरोबर सांगेल. पहिल्या पावसाच्या मातीचा वास त्यात सापडायचा नाही, आणि त्यात त्या यंत्राचा दोषही नाही. गडबड तेव्हा होते जेव्हा कुणी इंच दाखवून वास विकतो.

रीलमधले ९३ टक्के असेच आले. १९६७ साली अल्बर्ट मेहराबियन यांनी छोटे प्रयोग केले. एकेकटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवायचे, चेहऱ्यांचे फोटो दाखवायचे आणि बोलणाऱ्याची भावना ओळखायला सांगायचं. शब्द आणि सूर यांत विसंगती असेल तर लोक सुरावर, चेहऱ्यावर जास्त भरवसा ठेवतात, एवढंच त्यातून निघालं. हे प्रमाण सगळ्या संवादाला लावू नका, असं खुद्द मेहराबियनच सांगत आले. शब्दांना सातच टक्के किंमत असती तर परभाषेतलं नाटक आपल्याला ९३ टक्के कळलं असतं!

रोज दिसणारा चेहरा

या क्षेत्रातलं भरवशाचं निरीक्षण कोणतं, असं विचाराल तर मी ओळखीच्या चेहऱ्याचं नाव घेईन. १९६८ साली रॉबर्ट झायन्स यांनी दाखवलं की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आवडू लागते. त्यांनी लोकांना अर्थ न कळणारे शब्द, चिनी धाटणीची चिन्हं, चेहऱ्यांचे फोटो दाखवले. जे जास्त वेळा दिसलं, ते जास्त आवडलं.

१९९२ मध्ये मोरलँड आणि बीच यांनी तेच वर्गात नेलं. दिसायला साधारण सारख्या चार तरुणी एका वर्गात बसायच्या: एक १५ वेळा, एक १०, एक ५ आणि एक मुळीच नाही. कुणाशी बोलायचं नाही, नुसतं येऊन बसायचं. सत्राच्या शेवटी विद्यार्थ्यांना फोटो दाखवले, तेव्हा जी जास्त वेळा येऊन गेली ती जास्त पसंतीला उतरली.

त्याही आधी, १९५० साली, फेस्टिंगर, शॅक्टर आणि बॅक यांनी एमआयटी या अमेरिकन संस्थेच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत मैत्री कुणाची कुणाशी जमते ते पाहिलं. अगदी शेजारच्या दारातल्यांपैकी ४१ टक्क्यांना मित्र म्हणून निवडलं गेलं होतं, एक दार सोडून राहणाऱ्यांपैकी २२ टक्क्यांना, आणि मजल्याच्या दुसऱ्या टोकाच्यांपैकी फक्त १० टक्क्यांना. जिन्याजवळ कोण राहतं यावरही मैत्री ठरत होती.

रायबंदर-चोडण फेरीबोटीतून रोज जाणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. दोन-तीन महिने तोच माणूस त्याच कठड्याला टेकून उभा दिसतो. एक दिवस तो दिसला नाही की आपण विचारतो, ‘आज तो कसा नाही?’ नाव माहीत नसतं. पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू ऐकून जे बरं वाटतं, त्यातही थोडा हाच भाग असावा.

मात्र दोन अटी आहेत. पुढच्या अभ्यासांचा एकत्र हिशेब केल्यावर दिसलं की ही आवड एका मर्यादेपर्यंत चढते आणि मग उतरू लागते. आणि पहिली छापच वाईट असेल तर पुन्हा पुन्हा समोर येण्यानं फायदा होईलच असं नाही. म्हणजे कुणाच्या वाटेवर मुद्दाम रोज उभं राहणं याला हे संशोधन पाठिंबा देत नाही. त्याला कायद्यात वेगळं नाव आहे, त्याकडे येते.

झुलता पूल आणि अकरा फोन

आता पॅरासेलिंग. या सल्ल्याचं मूळ कॅनडात व्हँकुव्हरजवळच्या कॅपिलानो झुलत्या पुलावर आहे. सुमारे ७० मीटर खोल दरीवरचा, पाऊल टाकलं की हलणारा हा पूल. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात डटन आणि ॲरन यांनी तिथे एक तरुणी उभी केली. पूल ओलांडणाऱ्या पुरुषांना ती एक प्रश्नावली भरायला द्यायची आणि ‘निकाल हवा असेल तर फोन करा’ म्हणून नंबर द्यायची. जवळच्या एका भक्कम पुलावरही हाच प्रकार केला. झुलत्या पुलावर नंबर घेतलेल्या १८ जणांपैकी ९ जणांनी फोन केला, भक्कम पुलावरच्या १६ पैकी फक्त २ जणांनी.

संशोधकांचं स्पष्टीकरण असं: छाती धडधडतेय पुलामुळे, पण श्रेय जातं समोरच्या मुलीला. जत्रेत नाटक बघताना मिरचीची भजी खाल्ली आणि डोळ्यांत पाणी आलं, नेमका तेव्हाच रंगमंचावर बापलेकीच्या ताटातुटीचा प्रसंग चालू असला, तर शेजारच्याला वाटतं आपण गहिवरलो. थोडं आपल्यालाही तसंच वाटतं.

कल्पना सुरेख आहे आणि त्याच संशोधकांनी तिचे पुढचे प्रयोगही केले. पण कल्ला उचला. एकूण फोन किती? अकरा. आणि झुलत्या पुलावर मुळात जातं कोण? धाडसी तरुण असेल तर तो नंबरही बेधडक फिरवणार. ही शंका संशोधकांनाही होती, म्हणून पुढच्या फेरीत त्यांनी पूल ओलांडून दम खाल्लेल्या पुरुषांशी तुलना केली. तरीही या प्रयोगात फक्त पुरुषांनी एका स्त्रीला फोन केले. त्या तरुणीला ते पुरुष कसे वाटले, हे कुणी विचारलं नाही. बागा किनाऱ्यावर पॅराशूटला टांगलेल्या मुलीला काय वाटेल, याबद्दल हा अभ्यास अवाक्षर काढत नाही. तिला कदाचित नुसतीच उलटी होईल.

आपल्याला वाटतं त्यापेक्षा आपण समोरच्याला जास्त आवडतो

रीलवाले ज्याला हात लावत नाहीत ते संशोधन मला सगळ्यात मोलाचं वाटतं, आणि ते तुलनेनं ताजं आहे. २०१४ साली निकोलस एपली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी शिकागोत कामावर जाणाऱ्या रेल्वे आणि बस प्रवाशांचे तीन गट पाडले. एका गटानं शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलायचं, दुसऱ्यानं गप्प बसायचं, तिसऱ्यानं नेहमीसारखा प्रवास करायचा. प्रवास सगळ्यात चांगला झाला, असं बोलणाऱ्या गटानं सांगितलं. गंमत पुढे आहे. ‘तुम्हाला असं करायला सांगितलं तर कसं वाटेल?’ असं वेगळ्या प्रवाशांना विचारलं, तर त्यांचा अंदाज नेमका उलटा होता. पुढे लंडनच्या प्रवाशांवरही हा प्रयोग झाला. अनोळखी माणसाशी न बोलण्याबद्दल ते शहर प्रसिद्ध. निकाल तिथेही त्याच दिशेचा आला.

चुकतं कुठे? प्रत्येकाला वाटतं, समोरच्याला बोलायची इच्छा नाही. दोघेही तेच धरून चालतात आणि दोघेही मोबाईलमध्ये डोकं घालतात. दोन्ही बाजूंच्या खिडक्या बंद, आणि दोन्ही घरांना वाटतं शेजाऱ्यालाच हवा नको.

२०१८ साली एरिका बूथबी, गस कुनी, जिलियन सँडस्ट्रॉम आणि मार्गारेट क्लार्क यांनी याच्या पुढचं पाऊल मोजलं. अनोळखी जोड्यांना थोडा वेळ गप्पा मारायला सांगितल्या. मग प्रत्येकाला दोन प्रश्न: समोरचा तुम्हाला किती आवडला? आणि तुम्ही त्याला किती आवडला असाल? लोकांनी दुसऱ्या प्रश्नाला सतत कमी गुण दिले. म्हणजे आपण समोरच्याला जेवढे आवडतो, त्यापेक्षा कमी आवडलो असं आपल्याला वाटतं. या फरकाला त्यांनी ‘लाइकिंग गॅप’ म्हटलं. वसतिगृहात एकत्र राहणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये तो कित्येक महिने टिकून होता. कारणही ओळखीचं आहे: गप्पा संपल्यावर आपण आपलंच बोलणं उलटसुलट तपासत बसतो, ‘मी तो विनोद कशाला केला?’ समोरचा आपल्या विनोदाचा विचार करत नसतो, तो स्वतःच्या विनोदाचा विचार करत असतो.

ही भीती सरावानं कमी होते, याचाही पुरावा आहे. सँडस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये लोकांना आठवडाभराचा एक खेळ दिला. रोज दिलेल्या वर्णनाची अनोळखी माणसं शोधायची आणि त्यांच्याशी बोलायचं. आठवड्याच्या शेवटी झिडकारलं जाण्याची धास्ती कमी झाली होती आणि ती नंतरही काही दिवस कमीच राहिली. माझ्या मते लाजाळू मुलामुलींना सांगण्यासारखं काही असेल तर ते हेच. पण कोर्स विकणाऱ्याला ‘बसमध्ये काकांशी बोला’ म्हणून फी कशी मिळणार?

मग कुणाही मुलीशी जाऊन बोलायला काय हरकत आहे?

भाच्यानं हेच विचारलं. इथे मी जरा थांबते, कारण इथेच दोन वेगळी संशोधनं एकत्र शिवली जातात. बसमधलं बोलणं मोजलं गेलं तेव्हा त्यात मागणी नव्हती. ‘आज पाऊस थांबेलसं दिसत नाही’ आणि ‘तुझा नंबर दे’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

मागणी केल्यावर काय होतं, हे रसेल क्लार्क आणि इलेन हॅटफिल्ड यांनी १९७८ आणि १९८२ मध्ये फ्लोरिडातल्या विद्यापीठात पाहिलं. निबंध १९८९ साली छापून आला. प्रयोगातले तरुण-तरुणी आवारात अनोळखी व्यक्तीला गाठून तीनपैकी एक प्रश्न विचारायचे: आज संध्याकाळी माझ्याबरोबर फिरायला येशील? माझ्या खोलीवर येशील? माझ्याबरोबर रात्र घालवशील? शेवटच्या प्रश्नाला सुमारे ७० टक्के पुरुष हो म्हणाले, स्त्रिया शून्य टक्के. हा आकडा जगभर गाजला आणि ‘बायकांना रस नसतो’ असा त्याचा अर्थ लावला गेला. पहिल्या प्रश्नाचा निकाल मात्र बहुतेकांना माहीत नसतो: फिरायला यायला साधारण निम्मे पुरुष आणि निम्म्या स्त्रिया हो म्हणाल्या.

२०११ साली टेरी कॉनली यांनी हे पुन्हा उकललं. अनोळखी पुरुष खोलीवर बोलावतो तेव्हा स्त्रीच्या मनात आधी सुरक्षिततेचा हिशेब चालतो, आणि त्यातून आनंद मिळेल अशी तिची अपेक्षाही कमी असते. या दोन गोष्टी हिशेबात धरल्या तर स्त्री-पुरुषांमधला फरक बराच आटतो. कुठल्याही मुलीला हे प्रयोगाशिवाय माहीत असतं. मी कॉलेजात असताना फेरीबोटीत एकानं मला तीनदा ‘किती वाजले?’ विचारलं होतं. त्याच्या हातात घड्याळ होतं. मी पुढचे पंधरा दिवस अर्धा तास आधीची फेरी पकडली.

आणखी एक अभ्यास गोव्यानं तर भिंतीवर लावावा. १९८२ साली अँटोनिया ॲबी यांनी एका तरुणाला आणि तरुणीला पाच मिनिटं गप्पा मारायला सांगितलं. एक पुरुष आणि एक स्त्री ते लपून बघत होते. तरुणीचं साधं मोकळं वागणं पुरुषांना स्त्रियांपेक्षा जास्त ‘सूचक’ वाटलं. आपल्याकडे शॅकमधली, हॉटेलच्या काउंटरवरची, काजूच्या दुकानातली मुलगी दिवसाला दोनशे जणांकडे बघून हसते. ते हसणं पगारात धरलेलं असतं. पर्यटकांची परवानगी न घेता फोटो-सेल्फी काढू नका, अशी सूचना पर्यटन खात्याला जानेवारी २०२३ मध्ये काढावी लागली, ती काही उगाच नाही.

आणि कायदा. भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ सांगतं की स्त्रीनं नको आहे हे स्पष्ट दाखवूनही पुन्हा पुन्हा तिच्या मागे जाणं, संपर्काचा प्रयत्न करणं हा गुन्हा आहे; पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद. वर ज्याचं नाव राखून ठेवलं होतं ते हेच.

पण हे सगळं अमेरिकेतलं. आम्हाला ते कसं लागू?

आक्षेप रास्त आहे आणि संशोधकांनीच तो आधी घेतला. २०१० साली हेनरिक, हाइन आणि नोरेन्झायन यांनी लक्षात आणून दिलं की मानसशास्त्रातल्या प्रयोगांतली ९६ टक्के माणसं जगाच्या केवळ १२ टक्के लोकसंख्येच्या देशांतली आहेत. त्यातही बहुतेक कॉलेजातली पोरं.

गोव्यात तर ‘अनोळखी’ या शब्दालाच वेगळं वजन आहे. इथे पहिला प्रश्न ‘तू खंयचो?’, म्हणजे कुठला; दुसरा ‘कोणालो?’, म्हणजे कुणाचा. तिसऱ्या प्रश्नाला कुणीतरी समान माणूस सापडतोच. संशोधन सांगतं की समोरचा आपल्यासारखा आहे असं वाटलं की तो आवडतो, आणि प्रत्यक्ष साम्यापेक्षा वाटलेलं साम्य कित्येकदा जास्त काम करतं. आपले आजे ते साम्य दोन प्रश्नांत उकरून काढायचे. म्हणून शिकागोचा निकाल इथे जसाच्या तसा लागेल असं मी म्हणणार नाही. पर्वरीच्या नव्या बिल्डिंगमध्ये लागेल, फोंड्याच्या वाड्यावर त्याची गरजच नसेल.

दुसरा आक्षेप जास्त टोचरा आहे: हे प्रयोग पुन्हा केले तर तेच निघतं का? २०१५ मध्ये मानसशास्त्रातल्या १०० अभ्यासांची फेरतपासणी प्रसिद्ध झाली. स्पष्ट निकाल पुन्हा मिळाला तो जेमतेम ३६ टक्क्यांत. सामाजिक मानसशास्त्रात तर पाव भागातच. रीलमधली गिटार इथेच सापडते. फ्रान्समधल्या एका अभ्यासात गिटारची पेटी हातात असलेल्या तरुणाला ३१ टक्के मुलींनी नंबर दिला, रिकाम्या हाताच्याला १४ टक्क्यांनी, असं छापलं गेलं होतं. पुढे निक ब्राउन आणि जेम्स हीदर्स यांनी त्या संशोधकाच्या अनेक निबंधांतल्या आकड्यांवर शंका घेतल्या आणि त्यांतले काही निबंध मागे घेतले गेले. गिटार वाजवायला जरूर शिका, गोव्यात शिकवणारे पुष्कळ आहेत. नंबरासाठी मात्र नको.

म्हणजे कुणाचं कुणाशी जुळेल हे सांगता येत नाही?

अजून तरी नाही. २०१७ साली समांथा जोएल, पॉल ईस्टविक आणि एली फिंकेल यांनी ‘स्पीड डेटिंग’ला, म्हणजे काही मिनिटांच्या सलग भेटींना, आलेल्या लोकांकडून आधीच शंभरावर गुणविशेष, आवडीनिवडी भरून घेतल्या आणि संगणकाला अंदाज करायला लावला. कोण एकंदरीत जास्त लोकांना आवडेल, कुणाला बरेच लोक आवडतील, हे त्याला थोडंफार जमलं. अमक्याला नेमकी तमकीच का आवडली, ते काही केल्या जमलं नाही. छत्तीस गुण जुळवणाऱ्या भटजींनी यावर खूश व्हायचं की नाराज, ते त्यांनी ठरवावं.

स्वतः शोधायचं तर

गूगल स्कॉलर उघडा आणि इंग्रजी स्पेलिंगनं शब्द टाका: ‘इंटरपर्सनल ॲट्रॅक्शन’, ‘रिलेशनशिप इनिशिएशन’, ‘टॉकिंग टू स्ट्रेंजर्स’, ‘लाइकिंग गॅप’. ‘मुलीला कसं पटवायचं’ असं काही टाकलंत तर कोर्सच सापडतील. शब्दांच्या जोडीला ‘मेटा-ॲनालिसिस’ लिहा. म्हणजे एकाच प्रश्नावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र काढलेला हिशेब. एक अभ्यास म्हणजे एका दुकानातला भाव, मेटा-ॲनालिसिस म्हणजे अख्खा बाजार फिरून आलेल्या माणसाचं मत. जुना गाजलेला निबंध सापडला की त्याखालच्या ‘साइटेड बाय’वर टिचकी मारा; त्याला नंतर कुणी खोडलं ते तिथे दिसतं. त्या शेजारच्या ‘ऑल व्हर्जन्स’मध्ये पुष्कळदा फुकटची प्रत असते.

पैसे मागितले तर भरू नका. लेखकाला दोन ओळींची ईमेल करा, बहुतेक जण आनंदानं निबंध पाठवतात. सरकारी विद्यापीठात किंवा कॉलेजात असाल तर केंद्राची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना आहे: जानेवारी २०२५ पासून ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं अशा संस्थांना खुली झाली आहेत. ताळगावच्या पठारावर शिकणाऱ्या भाच्याला याची गंधवार्ता नव्हती.

चॅटबॉटला विचारायला हरकत नाही, पण तो कधीकधी अस्तित्वातच नसलेला निबंध लेखकाच्या नावासकट ठोकून देतो. प्रत्येक खऱ्या निबंधाला बहुधा डीओआय नावाचा कायमचा क्रमांक असतो. जमीन घेताना आपण वन-फोर्टीनचा उतारा काढतो तसा तो क्रमांक टाकून बघा. उतारा निघाला नाही तर जमीनच नाही.

हाती निबंध आला की मी ‘पद्धत’ हा भाग आधी वाचते. किती माणसं, कोण होती, त्यांना नेमकं काय विचारलं? कल्ला तिथे असतो.

भाच्यानं रील पुसली की नाही ते मला ठाऊक नाही. पण गेल्या सोमवारी पणजी-मडगाव शटलमध्ये त्यानं शेजारच्या आजोबांना पावसाबद्दल काहीतरी विचारलं. ‘तू कोणालो?’ असा उलटा प्रश्न आला. कुठ्ठाळी येईपर्यंत निष्पन्न झालं की ते आजोबा त्याच्या आज्यासोबत जत्रेच्या नाटकांत स्त्रीपार्ट करायचे. पुढे मडगावपर्यंत पोराला तोंड उघडायची संधीच मिळाली नाही.